कॅप्टन ‘नाही’ म्हणतो, त्यानंतरची सकाळ

तुझी संहिता काल रात्री वाचून काढली. डोंगरातली चौकी, समोरच्या वस्तीत दडलेले दोन अतिरेकी, वायरलेसवर कर्नलचा हुकूम, आणि आपला कॅप्टन म्हणतो, "सर, त्या घरांत बायका-पोरं आहेत. मी फायरचा हुकूम देणार नाही." काळोख. पडदा. तुझं म्हणणं असं की तालमीला आलेले सगळे ‘जरा फिल्मी वाटतंय’ म्हणतात, पण नेमकं काय फिल्मी ते कुणाला सांगता येत नाही. तेव्हा लष्करी अधिकाऱ्यांचे असे पेच खरेपणाने दाखवणारे चित्रपट कोणते आणि ते बघताना बघायचं काय, हे मी सांगावं.

सांगतो. बावीस वर्षं पायदळात गेली, दोनदा जनरल कोर्ट मार्शलवर सदस्य म्हणून बसलो, आणि निवृत्त होऊन ठाण्याला परत आल्यावर सिनेमावाल्यांच्या संहिता वाचून त्यातल्या चुका काढतो. नटांना चालायलाही शिकवतो. यातलं सगळ्यात कठीण काम शेवटचं. आणि पत्रात तीनदा ‘सर’ लिहिलंयस ते सोड, काका पुरे.

फिल्मी वाटतं, कारण गोष्ट जिथे सुरू होते तिथे तू दिवे घालवतेस. वायरलेसवर बोललेलं वाऱ्यावर जात नाही, वहीत उतरतं. सेटजवळ वीस-बावीस वर्षांचा एक ऑपरेटर बसलेला असतो आणि त्याने वेळेसकट ते लिहिलेलं असतं. थोड्या वेळाने दुसरा अधिकारी त्या चौकीकडे निघतो. सुभेदार साहेब चहाचा मग आणून ठेवतात आणि काही बोलत नाहीत. जवानांत दोन तट पडतात: साहेबांनी पाप वाचवलं म्हणणारे आणि साहेबांची टरकली म्हणणारे. ते दोन अतिरेकी रात्री निसटले आणि आठवड्याने त्यांनीच शेजारच्या चौकीतला एक पोरगा मारला, तर दुसऱ्या तटातली माणसं वाढतात. मग कोर्ट ऑफ इन्क्वायरी, म्हणजे लष्करी चौकशी, आणि तिथे साक्षीला उभे राहणार ते त्याचेच जवान. त्या ऑपरेटरच्या वहीवर सगळ्यांचं लक्ष. तुझा कॅप्टन रात्री एक वाक्य बोलला, पण सकाळपासून त्याला ते वाक्य पाळत राहायचंय. मला विचारशील तर एकांकिका सकाळी सुरू कर.

कायद्याचंही थोडं बघ, कारण नाट्य तिथे आयतं पडलेलं आहे. सैन्य अधिनियम 1950 चं कलम 41 हुकूम न पाळण्याबद्दल आहे. उघड अवज्ञा सिद्ध झाली तर 14 वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पण कलमात नुसता ‘हुकूम’ हा शब्द नाही, ‘कायदेशीर हुकूम’ असं आहे. म्हणजे बेकायदा हुकूम नाकारणं हा गुन्हा होत नाही. ऐकायला छान वाटतं. गोम अशी की हुकूम बेकायदा होता की नव्हता हे ठरतं कित्येक महिन्यांनी, टेबलाच्या पलीकडे बसलेल्या लोकांकडून. नाकारायचं मात्र त्या मिनिटाला असतं, अंधारात, अर्धवट माहितीवर. तुझा कॅप्टन इतका ठामपणे बोलतो की त्याला निकाल आधीच माहीत असल्यासारखं वाटतं. त्याला माहीत असता कामा नये.

आता चित्रपट. पहिला बघ तो स्टॅन्ली कुब्रिकचा ‘पाथ्स ऑफ ग्लोरी’, 1957 चा. पहिल्या महायुद्धातलं फ्रेंच सैन्य. जनरल मिरो एक अशक्य टेकडी घ्यायचा हुकूम देतो, हल्ला फसतो, आणि नामुष्की झाकायला तीन जवानांना भेकडपणाबद्दल गोळ्या घालायचं ठरतं. त्यांचा कर्नल डॅक्स त्यांचा बचाव करतो आणि हरतो. बहुतेक लोक डॅक्स झालेल्या कर्क डग्लसच्या भाषणासाठी हा चित्रपट लक्षात ठेवतात. तू एक छोटा प्रसंग बघ. आपलीच माणसं खंदकातून बाहेर पडत नाहीत म्हणून जनरल आपल्याच खंदकांवर तोफा डागायला सांगतो. टेलिफोनवर तोफखान्याचा एक कॅप्टन आहे. तो भाषण करत नाही, माणुसकीचं नाव काढत नाही. तो एवढंच म्हणतो की असा हुकूम मला लेखी, सहीनिशी हवा. जनरल आरडाओरडा करतो, त्याला गोळ्या घालायची धमकी देतो. कॅप्टन ढिम्म.

मी हा प्रसंग नव्या लेखकांना नेहमी दाखवतो. अधिकारी ‘नाही’ कसं म्हणतो ते यात आहे. तो नियमाचा आडोसा घेतो, आणि आडोसा घेताना स्वतःची सगळी नोकरी पणाला लावतो. फौजेत मी पाहिलेले धीराचे नकार बहुतेक असेच होते: "सर, लेखी मिळेल का?" हे चार शब्द उच्चारताना माणसाचा घसा कोरडा पडतो. संवाद म्हणून कागदावर ते अगदीच नीरस दिसतात, म्हणून लेखक ते लिहीत नाहीत.

त्याच चित्रपटात मारायला तीन जवान निवडतात कसे तेही बघ. निवड तीन कनिष्ठ अधिकाऱ्यांवर सोपवलेली असते. एक चिठ्ठ्या टाकतो. दुसरा, समाजाला नकोसा आहे म्हणून एकाला पुढे करतो. तिसरा, लेफ्टनंट रोजे, आपला स्वतःचा पळपुटेपणा ज्याने पाहिलाय त्या कॉर्पोरलचं नाव देतो. तिघांच्याही हातात तोच कागद आणि तीच रिकामी जागा. पुढे गोळ्या घालणाऱ्या तुकडीचं काम डॅक्स याच रोजेवर सोपवतो. खलनायक वर बसलेला असतो हे खरं, पण रिकामी जागा भरायला खालचा अधिकारी लागतो. हा चित्रपट फ्रान्समध्ये 1975 पर्यंत दाखवला गेला नाही, यात मला तरी नवल वाटत नाही.

दुसरा मोठा चित्रपट डॅनिश आहे: टोबियास लिंडहोमचा ‘क्रिगेन’, म्हणजे ‘युद्ध’, 2015 चा. माझ्या मते या विषयावरचा सर्वांत प्रामाणिक. त्यावर जरा थांबणार आहे.

अफगाणिस्तानात एक डॅनिश कंपनी कमांडर, क्लाऊस. सुरुवातीलाच त्याचा एक जवान सुरुंगात जातो. बाकीचे हादरतात, म्हणून तो स्वतः गस्तीवर जायला लागतो. इथेच माझ्यासारख्याच्या पोटात गोळा येतो, कारण हे चांगल्या अधिकाऱ्याचं लक्षण आहे आणि चूकही. कमांडरने सगळं चित्र दिसेल अशा जागी राहायचं असतं. तो जवानांच्या शेजारी गेला की त्याला फक्त जवान दिसायला लागतात. पुढे एक अफगाण कुटुंब तळावर आसरा मागायला येतं. तो नियमाप्रमाणे त्यांना परत पाठवतो. ती माणसं मारली जातात. मग एक दिवस गस्त गोळीबारात सापडते, एक जवान रक्तबंबाळ होऊन पडतो, हेलिकॉप्टर उतरायचं तर समोरच्या वस्तीतला मारा थांबायला हवा. हवाई हल्ला मागवण्यासाठी शत्रू तिथेच आहे याची खात्री लागते. खात्री नसते. क्लाऊस हल्ला मागवतो. जवान वाचतो. त्या वस्तीत लहान मुलांसकट साधी माणसं मेलेली निघतात.

यानंतर चित्रपटाचा अर्धा भाग डेन्मार्कमधल्या कोर्टात आणि क्लाऊसच्या स्वयंपाकघरात जातो. बायको म्हणते ते साधारण असं: तिथली मुलं गेली असतील, पण इथे तुझी तीन मुलं जिवंत आहेत. आणि मग त्याचा एक जवान साक्ष देतो की मी समोरून गोळी झाडल्याची झळक पाहिली होती. खोटी साक्ष. क्लाऊस सुटतो. शेवटाकडे तो रात्री मुलाच्या खोलीत जातो, पोराचे पाय पांघरुणाबाहेर आलेले असतात, तो ते झाकतो. असेच पाय त्याने आधी कुठे पाहिलेत ते तुला चित्रपटच सांगेल.

क्लाऊस दुष्ट नाही. तो आपल्या पोरांवर जीव टाकणारा अधिकारी आहे, आणि त्या जीव टाकण्यानेच दुसऱ्यांची पोरं मेली. डेहराडूनच्या इंडियन मिलिटरी ॲकॅडमीत 1932 साली फील्ड मार्शल चेटवुडने केलेल्या भाषणातली तीन वाक्यं आजही तिथल्या भिंतीवर कोरलेली आहेत आणि प्रत्येक कॅडेटला पाठ असतात. सारांश असा: देशाची सुरक्षा, सन्मान आणि हित पहिलं, नेहमी आणि प्रत्येक वेळी. त्यानंतर तुमच्या हाताखालच्या माणसांचं. तुमचं स्वतःचं सर्वांत शेवटी. मी ती वाक्यं आजही मानतो. पण कधीतरी नीट बघ, त्या तीन पायऱ्यांवर एक माणूस कुठेच उभा नाही: जो देश नाही, माझा जवान नाही आणि मीही नाही, म्हणजे समोरच्या घरातली बाई. तिला जागा दिली ती 1949 च्या जिनिव्हा करारांनी, आणि आपल्याकडे त्यांच्यासाठी 1960 साली वेगळा कायदा झाला. ती वाक्यं विशीत पाठ झालेली असतात; कराराचं पुस्तक परीक्षेपुरतं वाचलेलं असतं. ‘क्रिगेन’ या फटीत घडतो. तुझ्या एकांकिकेचा विषय खरं तर हाच आहे, फक्त तुझ्या कॅप्टनने बाईची बाजू घेतली आणि क्लाऊसने जवानाची. तुझ्या चौकीत रक्त गळत पडलेला एखादा जवान ठेवून बघ. मग कॅप्टनचं ते वाक्य त्याच्या तोंडून तितक्या सहज निघतं का?

याच जातीचा, पण थंड डोक्याचा, ‘आय इन द स्काय’. तोही 2015 चाच. नैरोबीत एका घरावर ड्रोन हल्ला करायचाय आणि भिंतीशी एक मुलगी पाव विकायला बसलीय. निर्णय लंडनपासून एकेका वरिष्ठाकडे सरकत राहतो. हेलन मिरेनची कर्नल एका कनिष्ठाकडून मुलीच्या जिवाला असलेल्या धोक्याची टक्केवारी पुन्हा काढून घेते, हवा तो आकडा येईपर्यंत. बस, एवढ्या एका प्रसंगासाठी बघ. असं मी ऑफिसातही पाहिलंय, कुणाचा जीव जाणार नव्हता तिथेसुद्धा.

आपल्याकडे वळू. 1991 साली मी तरुण कॅप्टन होतो, सुट्टीवर ठाण्याला आलो होतो आणि वडिलांना घेऊन नाना पाटेकरांचा ‘प्रहार’ बघायला गेलो. वडील वागळे इस्टेटमध्ये फिटर होते, सिनेमाचा फारसा नाद नव्हता, पण ‘आपल्या नानाने मिलिटरीवर काढलाय’ म्हणून आले. कमांडोंना घडवणारा मेजर, कारवाईत जखमी होऊन अपंग झालेला त्याचा शिष्य पीटर, मुंबईत पीटरला हप्त्यापायी मारणारे गुंड, आणि मग मेजरने एकट्याने केलेला हिशोब. शेवटच्या मारामारीला थिएटरात शिट्ट्यांचा पाऊस पडला. मीसुद्धा, खरं सांगायचं तर, खुर्चीतून पुढे झुकलो होतो. बाहेर आल्यावर तलावपाळीला शेंगदाणे खात वडिलांनी विचारलं, "तुम्हालाही हे असंच शिकवतात का रे?" मी म्हटलं, नाही बाबा, हे सिनेमातलं. ते म्हणाले, "मग तो वेड्यांच्या इस्पितळात गेला तेव्हा लोक शिट्ट्या वाजवायचे का थांबले?"

या प्रश्नाचं उत्तर मला बरीच वर्षं सापडलं नाही. ‘प्रहार’ प्रशिक्षणाचा भाग जितका अस्सल दाखवतो तितका हिंदीत त्याआधी कुणी दाखवला नव्हता. पण तो ज्या पेचाशी येतो त्यात मला अजूनही अडकायला होतं: ज्याला मारायचं शिकवलं त्याला वर्दीबाहेर काय करायचं ते शिकवलेलं नसतं. नाना मेजरला निर्दोष सोडत नाहीत, आणि प्रेक्षकाने मात्र त्याला आधीच सोडून दिलेलं असतं. दिग्दर्शकाचा निकाल आणि प्रेक्षकाचा निकाल असा वेगळा लागला की चित्रपट फसला म्हणायचा की जिंकला? मला वाटतं, अर्धा फसला.

‘शौर्य’ 2008 चा. सगळे हाच सुचवतील, म्हणून थोडं कडक बोलतो. ‘अ फ्यू गुड मेन’ या 1992 च्या अमेरिकन चित्रपटाशी त्याचं जवळचं नातं आहे हे दोन्ही पाहिले की कळतं. आपल्या वरिष्ठ अधिकाऱ्याला गोळी घालणारा कॅप्टन जावेद खान गप्प बसलाय, आणि बचावाचा वकील शेवटी साक्षीदाराच्या पिंजऱ्यात ब्रिगेडियरला बोलतं करतो. के के मेनन यांचा तो प्रसंग जबरदस्त आहे, वाद नाही. पण ब्रिगेडियर इतका विखारी निघाला की बाकी सगळे सुटले. खरा पेच जावेदचा होता: समोर वरिष्ठ, हातात हत्यार, विचार करायला काही सेकंद. तो आपल्याला ओझरता दाखवतात. जावेद झालेल्या दीपक डोब्रियालचा गप्प चेहरा त्या सगळ्या भाषणांपेक्षा जास्त सांगतो आणि कॅमेरा त्याच्याकडून सारखा वकिलाकडे पळतो.

शिवाय कोर्ट मार्शल असं नसतं. जनरल कोर्ट मार्शलला किमान 5 अधिकारी बसतात, सोबत कायदा सांगायला जज ॲडव्होकेट. मत देताना सर्वांत कनिष्ठ सदस्य आधी बोलतो, म्हणजे वरिष्ठाचं मत ऐकून त्याची जीभ वळू नये. मी पहिल्यांदा बसलो तेव्हा तो कनिष्ठ मीच होतो. काय मत दिलं ते सांगता येणार नाही, तशी शपथच घ्यावी लागते. पण बंद खोलीत चार ज्येष्ठ अधिकारी तुझ्या तोंडाकडे बघतायत, बाहेर एक माणूस बाकावर बसलाय, आणि पहिला शब्द तुझा. तुला दुसरी एकांकिका लिहायची असेल तर ही घे, फुकट. आणि निकाल लागला तरी वरून शिक्कामोर्तब होईपर्यंत तो ग्राह्य नसतो. म्हणजे आरोपी कित्येक आठवडे, कधी महिने, लागलेल्या आणि न लागलेल्या निकालात लोंबकळत असतो. या लोंबकळण्यावर कुणीच चित्रपट काढत नाही.

रंगमंचासाठी लिहिते आहेस, तर स्वदेश दीपक यांचं ‘कोर्ट मार्शल’ हे 1991 चं हिंदी नाटक वाच. अधिकाऱ्यावर गोळी झाडणारा जवान रामचंदर, आणि त्यामागे जातीवरून झालेली मानखंडना. एका खोलीत, खुर्च्या-टेबलांत, प्रश्नोत्तरांतून सगळं उलगडतं. तिथेही भाषणं आहेत, पण ती जवानाच्या मौनाभोवती फिरतात.

गुलजारांचा ‘अचानक’ 1973 चा. नौदलाच्या कमांडर नानावटींच्या 1959 च्या खटल्यावर बेतलेली गोष्ट. याच खटल्यावरून 2016 साली आलेल्या ‘रुस्तम’ची वर्दीवरच्या बिल्ल्यांपायी सगळ्या फौजेने टिंगल केली, ते सोड. ‘अचानक’मध्ये विनोद खन्नांचा मेजर बायकोला आणि तिच्या प्रियकराला मारतो, फाशीची शिक्षा होते, पळताना गोळी लागते आणि डॉक्टर जिवाचं रान करून त्याला वाचवतात, कशासाठी तर फाशी देण्यासाठी. पेच डॉक्टरांचा आहे आणि मेजर खाटेवर शांत पडलेला. अधिकाऱ्याला मधोमध ठेवून पेच दुसऱ्यालाच द्यायची ही युक्ती चोरण्यासारखी आहे.

गोविंद निहलानींचा ‘विजेता’, 1982 चा, पटकथा दिलीप चित्रे यांची. पंजाबी बाप, मराठी आई, त्यांच्या भांडणातून सुटायला वायुदलात गेलेला पोरगा. बहुतेक लष्करी चित्रपटांत मुलगा देशासाठी जातो. खऱ्या आयुष्यात कुणी घरातून पळायला जातं, कुणी पगारासाठी, कुणी एन.डी.ए.चा गणवेश आवडला म्हणून, आणि देश मागाहून येतो, तोही हळूहळू. हे सांगायचं धाडस ‘विजेता’ने केलं. संथ आहे, पण बघ.

युद्धपटांत पराक्रम असतो आणि तो असायलाच हवा. लोंगेवाला काय, कारगिल काय, तिथे माणसं खरंच तशी लढली. पण पराक्रम आणि पेच यांची गल्लत नको. सुळक्यावर चढणाऱ्याला पेच नसतो, भीती असते. पेच असतो तो त्याला चढायला पाठवणाऱ्याला. म्हणून ‘ट्वेल्व्ह ओक्लॉक हाय’, 1949 चा, ग्रेगरी पेकचा. ढासळलेली एक विमानतुकडी ताब्यात घेणारा जनरल कठोर वागून तिला उभी करतो, आणि शेवटी त्याचंच शरीर विमानात चढायला नकार देतं. आणि ‘ब्रिज ऑन द रिव्हर क्वाय’ तुला माहीतच असेल. त्यातल्या कर्नल निकलसनसारखे, कैदेत असताना शत्रूसाठी पूल बांधतोय हे विसरून पूल उत्तम बांधणारे, मी नोकरीत किमान तीन पाहिलेत.

मघापासून वही, लेखी हुकूम, रिकामी जागा असं बोलतोय, कारण पेच बहुतेकदा कागदावर असतो. मोठं उदाहरण देत नाही, माझ्याकडे मोठं नाहीही. मी मेजर होतो, कंपनी माझ्याकडे. हत्यारं साफ करताना एका शिपायाच्या रायफलमधून गोळी सुटली आणि शेजारच्याच्या मांडीतून गेली. चेंबर रिकामं आहे का ते बघितलं नव्हतं, एवढंच. दोघं एकाच तालुक्यातले, एकाच दिवशी भरती झालेले, एका ताटात जेवणारे. जखमी पोराने इस्पितळात माझा हात धरला: "साहेब, रायफलच खराब होती असं लिहा ना." मला एक शब्द लिहायचा होता. ‘बिघाड’ की ‘निष्काळजीपणा’. मी दुसरा लिहिला. त्या शिपायाला 28 दिवसांची कोठडी झाली आणि त्याची बढती मागे पडली. जखमी बरा झाला, पण माझी बदली होईपर्यंत ‘जय हिंद साब’ यापलीकडे माझ्याशी एक शब्द बोलला नाही. बिघाड लिहिलं असतं तर उद्या तोच पोरगा चेंबर न बघता पुन्हा कुणाचा तरी जीव घेऊन बसला असता, असं मी स्वतःला समजावतो. अजूनही समजावतो, म्हणजे पुरतं पटलेलं नसावं.

एक व्यवहाराची गोष्ट. संरक्षण मंत्रालयाने जुलै 2020 मध्ये सेन्सॉर बोर्डाला कळवलं की सैन्यावरच्या चित्रपटांनी आणि वेब मालिकांनी आधी ना-हरकत घ्यावी. 2022 मध्ये ओनीर या दिग्दर्शकाच्या संहितेला ती मिळाली नाही. त्यात समलिंगी मेजरची गोष्ट होती आणि एका खऱ्या माजी मेजरवरून ती सुचली होती. फौजेची बाजू मला कळते. वर्दीची अब्रू पडद्यावर कुणीही काढावी हे मलाही रुचत नाही. पण ना-हरकत मागायची म्हटली की लेखक आधीच पेच काढून पराक्रम ठेवतो, आणि मग तुझ्यासारखी मुलं विचारतात की खरे चित्रपट कुठे आहेत. नाटकाला रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र लागेल, ते तुला माझ्यापेक्षा चांगलं माहीत. माझी सूचना एवढीच की खऱ्या पलटणीचं नाव आणि निशाण वापरू नकोस. प्रत्येक पलटणीला आई असते आणि ती फोन करते.

मराठीत या बाबतीत एक चमत्कारिक पोकळी आहे. आपल्या मालिकांत, गाण्यांत, पोवाड्यांत जवान भरपूर आहे, साताऱ्या-कोल्हापूरकडचा, टोपी तिरकी केलेला. अधिकारी नाही. अधिकारी म्हटलं की तो हिंदी बोलतो आणि पंजाबी असतो. मराठी मुलं अधिकारी व्हावीत म्हणून महाराष्ट्र सरकारने 1977 मध्ये औरंगाबादला खास संस्था काढली, म्हणजे उणीव सरकारलाही दिसली होती. लेखकांना अजून दिसायची आहे. जनरल शंकरराव थोरातांचं उदाहरण घे. पूर्व विभागाचे सेनापती असताना 1960 साली त्यांनी ‘लाल किला’ नावाचा सराव घेऊन चीनकडून काय होऊ शकतं ते मांडून दाखवलं. कुणी मनावर घेतलं नाही. पुढच्या वर्षी ते निवृत्त झाले आणि 1962 त्यांनी बाहेरून बघितलं. आपलं खरं ठरावं असं वाटणं आणि खरं ठरू नये असं वाटणं, दोन्ही एकाच छातीत घेऊन तो माणूस ती बातमी कशी वाचत असेल?

आणि एक विषय तर आपल्या दारात आहे. फेब्रुवारी 1946 मध्ये मुंबईत ‘तलवार’ या नौदलाच्या तळावरून नाविकांचा उठाव सुरू झाला, त्यात ठाण्यातल्या ‘अकबर’ या किनारी तळावरचे नाविकही होते. त्या नाविकांवर लिहिलं गेलंय. पण त्या नौदलात थोडे भारतीय अधिकारीही होते. खालची पोरं आपली, वरचे साहेब इंग्रज, अंगावर राजाची वर्दी, दीड वर्षावर स्वातंत्र्य आणि ते दीड वर्षावर आहे हे कुणालाच माहीत नाही. अशा एका लेफ्टनंटची ठाण्यातली एक रात्र. तुझ्या डोंगरातल्या चौकीपेक्षा मला ही जास्त बघायला आवडेल, पण हट्ट नाही.

हातातलीच संहिता पुढे न्यायची असेल तर तीन बदल. कर्नलला ओरडायला लावू नकोस. त्याने शांतपणे, थकलेल्या आवाजात हुकूम द्यावा, त्याच्यावरही कुणीतरी आहे. ऑपरेटरला नाव दे, गाव दे आणि वही दे. आणि ‘मी हुकूम देणार नाही’ हे वाक्य आम्हाला रात्री ऐकवूच नकोस. सकाळी चौकशीत तो ऑपरेटर वहीतून वाचून दाखवेल, अडखळत, इंग्रजी शब्द चुकवत, आणि कॅप्टन समोर उभा असेल. तेव्हा ते पहिल्यांदा ऐकू दे.

शनिवारी गडकरीच्या कट्ट्यावर संध्याकाळी असतो, मुलांना घेऊन ये. कॅप्टनचं काम करणाऱ्याला आधीच सांग: तुझ्या चौकीत तो बोडक्या डोक्याने सॅल्यूट ठोकतो, तसं आपल्या सैन्यात करत नाहीत. टोपी नसेल तर नुसतं सावधान.